घुबडाची हद्द

१. शृंगी घुबड आपल्याकडचे कायमचे रहिवासी. जोडी वर्षानुवर्षे एकच ओढा, एकच कडा धरून राहते. बदलतो तो शिकारीचा पट्टा, आणि तो पिकांमागे फिरतो. संगमनेरात प्रवरेकाठी उसाला कोयता लागला की उंदीर-घुशी उघड्यावर येतात. त्या दिवसांत घुबड कोणत्या बांधावर बसेल, हे विचारायला मी ऊसतोडीच्या मुकादमाकडे जातो. पठारावर, साकूर-घारगावकडे, बाजरीची काढणी आधी उरकते. तिकडची रानं आधी पाहावीत.

२. हद्द कानांनी मोजावी. विणीच्या आधी, थंडी पडू लागली की, दिवेलागणीला नर घुमू लागतो. दोघांनी दोन टेकाडांवर उभे राहून एकाच वेळी होकायंत्राने आवाजाची दिशा टिपावी. नकाशावर दोन्ही रेघा छेदतात तिथे घुबड. असे बिंदू महिनोन्‌महिने जमवले की हद्द आपोआप उमटते. मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून मात्र त्याला बोलवू नये; ते परक्याला हाकलायला धावते आणि अंडी उघडी पडतात.

३. बसायच्या जागेखालच्या गोळ्या गोळा कराव्यात. न पचलेली हाडे आणि केस घुबड गोळी करून ओकते. कवटी आणि दातांवरून भक्ष्य ओळखता येते. तारीख आणि जागा लिहिली नसेल, तर गोळी निरुपयोगी.

४. पाठीवर ट्रान्समीटर बसवणे हे परवानगी असलेल्या संशोधकांचेच काम. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीविना घुबड पकडणे गुन्हा आहे. शिवाय यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत हवे. पिंगळा जेमतेम ११० ग्रॅमचा. त्याच्यासाठी यंत्र तीन-चार ग्रॅमचेच चालते.

५. माळही सोडू नये. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे आखूडकानी घुबड गवतात जमिनीवरच बसते, झाडे धुंडाळणाऱ्याला ते दिसत नाही.

६. दिसले नाही म्हणजे नाहीच, असे लिहू नये. रानपिंगळ्याची १८८४नंतर खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७मध्ये तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. तोही दिवसा वावरणारा पक्षी!

७. शृंगी घुबड कड्याच्या कपारीत उघड्या जमिनीवर अंडी घालते. माणूस जवळ आला की पंख मोडल्याचे सोंग करत फरफटते. ते दिसताच मागे फिरावे. आणि ती जागा वनरक्षकाखेरीज कोणालाही सांगू नये. दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडांची तस्करी वाढते. म्हणून माझ्या नकाशावर घरट्यांच्या खुणा नाहीत; त्या जागा फक्त वनरक्षकाला ठाऊक आहेत.