ओलावा मोजून सिंचन: पाणी आणि कीड व्यवस्थापनाची सांगड

पिकाला पाणी केव्हा द्यावे, हा निर्णय अनेकदा पाण्याच्या पाळीवरून, विजेच्या वेळेवरून किंवा जमिनीच्या वरच्या थराकडे पाहून घेतला जातो. भारी काळ्या जमिनीत वरचा थर सुकून भेगाळला तरी मुळांच्या थरात पुरेशी ओल असू शकते. याउलट हलक्या जमिनीत पीक कोमेजलेले दिसेपर्यंत वाढीला खीळ बसलेली असते. मुळांच्या थरातील ओलावा प्रत्यक्ष मोजणे हा यावरील खात्रीचा उपाय आहे.

किडींशी संबंध

पाण्याच्या चुकीचा परिणाम किडींच्या प्रादुर्भावावरही होतो. भातात सतत पाणी साचून राहिल्यास तपकिरी तुडतुड्यांना पोषक वातावरण मिळते. म्हणूनच प्रादुर्भाव दिसताच बांधीतील पाणी काही दिवस काढून टाकण्याची शिफारस केली जाते. दुसरीकडे, उसाच्या सुरुवातीच्या काळात जमीन कोरडी व उष्ण राहिल्यास खोडकीड बळावते आणि वाळवीचा उपद्रव वाढतो. भाजीपाल्यात पाण्याचा ताण व उष्णता एकत्र आल्यास लाल कोळी झपाट्याने वाढतो. हुमणीसाठी वापरली जाणारी मेटारायझियम ही बुरशीदेखील जमिनीत पुरेसा ओलावा असेल तरच परिणाम दाखवते. कोरड्या मातीत टाकल्यास तो खर्च वाया जातो.

काय मोजले जाते?

उपकरणे दोन प्रकारची असतात. टेन्शिओमीटर मातीने पाणी किती ताणाने धरून ठेवले आहे, हे किलोपास्कलमध्ये दाखवतो. धारितेवर चालणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर मातीच्या आकारमानात पाणी किती टक्के आहे, हे दाखवतात. केवळ टक्केवारीवरून निर्णय घेता येत नाही, कारण २० टक्के ओलावा वाळूमिश्रित जमिनीत भरपूर असतो, तर चिकण जमिनीत तेवढ्या ओलाव्यावर पीक सुकू लागते. म्हणून असे सेन्सर आपल्या मातीनुसार प्रमाणित करून घ्यावेत. क्षारपड जमिनीत त्यांचे वाचन चुकण्याची शक्यता अधिक असते.

टेन्शिओमीटरचे वाचन साधारणपणे असे समजावे:

- ० ते १० किलोपास्कल: जमीन संपृक्त, पाणी देऊ नये.
- १० ते ३० किलोपास्कल: वाफशाच्या आसपासची स्थिती, बहुतेक पिकांना पुरेसा ओलावा.
- ३० ते ६० किलोपास्कल: पाणी देण्याची वेळ. हलक्या जमिनीत व भाजीपाल्यात या मर्यादेच्या आरंभी, तर भारी जमिनीत शेवटाकडे पाणी द्यावे.
- सुमारे ८० किलोपास्कलच्या पुढे नळीत हवा शिरते आणि वाचन विश्वसनीय राहत नाही.

देशातील दोन सोपी साधने

लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने भातासाठी रंगीत पट्ट्यांचा टेन्शिओमीटर विकसित केला आहे. पुनर्लागवडीनंतर सुमारे दोन आठवडे पाणी साचवून ठेवल्यावर त्याचा वापर सुरू होतो. आतील नळीतील पाण्याची पातळी हिरव्या पट्टीतून पिवळ्या पट्टीत उतरली की पाणी द्यावे. कोइमतूर येथील ऊस प्रजनन संस्थेच्या ओलावा निर्देशकात दोन सळया जमिनीत खुपसल्या जातात. निळा दिवा भरपूर, हिरवा पुरेसा, नारिंगी कमी आणि लाल अतिशय कमी ओलावा दर्शवतो. निळा वा हिरवा दिवा असताना पाळी पुढे ढकलता येते.

बसवताना घ्यावयाची काळजी

- बांध, सखल भाग व पाटाचे तोंड टाळून शेताचे प्रातिनिधिक ठिकाण निवडावे.
- दोन खोलींवर उपकरणे बसवावीत: एक १५ ते २० सें.मी., दुसरे ४० ते ४५ सें.मी.
- ठिबकवर ड्रिपरपासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, ओल्या पट्ट्यात बसवावे.
- टेन्शिओमीटरचा सच्छिद्र कप रात्रभर पाण्यात भिजवावा. नळीत उकळून गार केलेले पाणी भरावे.
- उपकरणाभोवती माती घट्ट दाबावी. काळ्या जमिनीत भेग पडून मातीशी संपर्क तुटल्यास वाचन चुकते. अशा वेळी ते पुन्हा बसवावे.

वाचनावरून निर्णय

वरचे उपकरण पाणी देण्याची वेळ सांगते, तर खालचे उपकरण पाणी किती वेळ द्यावे हे ठरवण्यास मदत करते. प्रत्येक पाळीनंतर खालचा थर संपृक्त होत असेल, तर पाण्याबरोबर नत्रही मुळांखाली वाहून जात आहे, असे समजून सिंचनाचा कालावधी कमी करावा. खालचा थर सतत कोरडाच होत असेल, तर कालावधी वाढवावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी एका हंगामासाठी निवडक शेतांवर नोंदवही सुरू करावी. तीत वाचनाची तारीख, दिलेले पाणी आणि आठवड्याच्या कीड निरीक्षणाची संख्या एकाच पानावर लिहावी. शेजारचा काही भाग नेहमीच्या पद्धतीवर ठेवल्यास तुलना करता येते. उपकरण कीड निरीक्षणाची जागा घेत नाही. मात्र दोन्ही नोंदी एकत्र वाचल्यास फवारणीपूर्वी पाण्याची पाळी सुधारण्याची गरज आहे का, हे शेतकऱ्याला वेळीच कळते.