खर्जाची तार : मिरज, तंजावर आणि बेंगळूर

मैफिलीत सर्वांआधी सुरू होणारे आणि सर्वांनंतर थांबणारे वाद्य म्हणजे तंबोरा. तो राग वाजवीत नाही, ताल धरीत नाही, आणि श्रोत्यांची दाद त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. मात्र दोन जाणकार वादक एकत्र आले की त्यांचे बोलणे हमखास त्याच्याकडे वळते. भोपळा कोठला, लाकूड कोणते, घोडी हाडाची की शिसवीची, जवारी खुली असावी की बंद, यांवर तासन्‌तास चर्चा चालते आणि एकमत क्वचितच होते. हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. आपल्या संगीताचा पायाभूत स्वर कसा निर्माण होतो, हाच त्यामागचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास बेंगळूरसारखे सोयीचे शहर विरळाच. कर्नाटक आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही पद्धतींचे गाणे तेथे रुजलेले असल्यामुळे मिरजेचा तंबोरा आणि तंजावरचा तंबुरा ही दोन्ही वाद्ये तेथे नांदतात. इतिहासानेही या गावांना एका धाग्यात ओवले आहे. शहाजीराजांचे वास्तव्य बेंगळुरास होते. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास मराठी राज्याची स्थापना केली.

दोन घडणी

मिरजेतील वाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. शस्त्रे घडविणे व त्यांना धार लावणे हा शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय. शस्त्रांची मागणी घटू लागली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी आपले कसब तंतुवाद्यांकडे वळविले, आणि त्यांच्या वंशजांना ‘सतारमेकर’ हेच नाव पडले. मिरजेच्या तंबोऱ्याचा खालचा भाग वाळविलेल्या भोपळ्याचा असतो. हे मोठे भोपळे मुख्यत्वे मंगळवेढ्याच्या परिसरातून येतात. लाकूड पुष्कळदा कर्नाटकातील रानांतून आणले जाते. दांडी आणि तबली तुणीच्या किंवा सागाच्या लाकडाची, आणि घोडी बहुधा हाडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली असते.

तंजावरी तंबुऱ्यात भोपळा सहसा नसतो. फणसाच्या लाकडाचा ठोकळा आतून पोखरून त्याचा गोल तयार करतात. दांडी थोडी सडपातळ असते. घोडी आणि खुंट्या पुष्कळदा शिसवीच्या असतात. आणि तबलीवर तारांच्या दोन्ही बाजूंस नक्षीदार छिद्रे पाडलेली असतात. भोपळ्याचे कवच पातळ व हलके, तर फणसाचे लाकूड त्या मानाने जड व टणक. म्हणून प्रवासात मिरजेच्या वाद्यास अधिक जपावे लागते. या दोहोंच्या नादातील फरक कानाला चटकन जाणवतो. पण त्याचे सारे श्रेय भोपळ्याला किंवा फणसाला देणे बरोबर होणार नाही. तंबोऱ्याच्या नादाचे मर्म आहे ते घोडीत.

घोडीचे रहस्य

सतराव्या-अठराव्या शतकांत पाश्चात्त्य देशांत रूढ झालेल्या व्हायोलिनची घोडी धारदार असते. तार तिच्यावर एका रेषेतच टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अगदी अल्प उताराचा व किंचित वक्र असतो. तार छेडली की कंपनाबरोबर ती या माथ्याला क्षणोक्षणी स्पर्श करते आणि सुटते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून हा स्पर्श नेमका जुळविला, की नाद एकदम फुलतो. यालाच जवारी लागणे म्हणतात.

या घटनेचे शास्त्रीय महत्त्व प्रथम ओळखले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. ते कलकत्त्यास असताना, 1921 च्या सुमारास, तंबोरा आणि वीणा यांच्यावरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे 1933 मध्ये ते बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि 1948 मध्ये त्यांनी त्याच शहरी स्वतःची संशोधनसंस्था उभारली. यंग या शास्त्रज्ञाचा एक नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असतो तो उपस्वर नादात उमटत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा असे सर्व सम उपस्वर गैरहजर राहिले पाहिजेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. रामन यांनी दाखविले की हा चमत्कार घोडीच्या वक्र माथ्याचा आहे. तारेचा टेकण्याचा बिंदू सतत हलत असल्यामुळे, छेडताना जे उपस्वर नव्हते तेही जागे होतात.

खर्ज आणि गांधार

आता ही गोष्ट आकड्यांत पाहू. समजा, एका पुरुष गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला 140 कंपनांचा आहे. मग जोडीच्या दोन्ही तारा 140 वर, पहिली तार मंद्र पंचमाची म्हणून 105 वर, आणि शेवटची, बहुधा पितळेची, खर्जाची तार 70 वर लागेल. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे 41 कंपनांची आणि तिच्या वरची 55 ची असते. आपला खर्ज त्यांहून फार दूर नाही. परंतु बास गिटारचा वादक सूर बदलीत चालीला आधार देतो, तर तंबोऱ्याचा खर्ज जागेवरून हलत नाही. एकाच जागी राहून तो सारी स्वरसृष्टी उभी करतो.

ती कशी? खर्जाच्या 70 चे उपस्वर 140, 210, 280, 350 असे वाढत जातात. त्यांपैकी 210 हा मध्य पंचम, 280 हा तार षड्ज, आणि 350 हा तार सप्तकातील गांधार. गांधाराची तार कोणीही लावलेली नसते, तरी गांधार ऐकू येतो; म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. हार्मोनियमच्या समविभागी सप्तकातील गांधार याच जागी सुमारे 353 कंपनांचा असतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे तीन हेलकावे ऐकू येतात. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्याला हार्मोनियमचा गांधार चढा वाटतो, तो यामुळेच.

गायक रागाप्रमाणे तंबोराही बदलून घेतात. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवितात. मारव्यात ती बहुधा निषादावर घेतात. जवारी खुली ठेवावी की बंद, हा ज्याच्या त्याच्या आवाजाचा आणि घराण्याचा प्रश्न.

बेंगळूरची पेटी

या परंपरेतील सर्वांत मोठा बदल घडला तो बेंगळुरातच. व्यवसायाने अभियंता आणि छंदाने बासरीवादक असलेले जी. राज नारायण यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारा तंबोरा तयार केला आणि रॅडेल या नावाने तो घरोघर पोहोचविला. ना तार तुटण्याची भीती, ना पावसाळ्यात सूर उतरण्याची चिंता. एकट्याने रियाझ करणाऱ्या विद्यार्थ्याला तो मोठाच आधार झाला. आज तेच काम खिशातला मोबाईलही करतो.

येथे एक शास्त्रीय गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. लहान ध्वनिवर्धकातून 70 कंपनांचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. कारण 140, 210, 280 ही मालिका ऐकून मेंदू तिचा पाया स्वतःच कल्पितो. म्हणजे पेटीतला खर्ज हा पुष्कळसा ऐकणाऱ्याच्या मनातला असतो. खऱ्या तंबोऱ्याला कान लावून बसणाऱ्याला तो मांडीला आणि खांद्यालाही जाणवतो.

म्हणून पेटी त्याज्य ठरत नाही. पण तिने एक शिक्षण मात्र हिरावून घेतले. तंबोरा लावता लावता विद्यार्थी सूर ओळखायला शिकत असे. मणी सरकविणे, दोरा जुळविणे, गांधार उमटेपर्यंत थांबणे, हाच त्याचा पहिला धडा होता. बटण दाबणाऱ्याला सूर तयार मिळतो. तो शोधावा लागत नाही. दुसरा तोटा कारागिरांचा. जवारी काढणे हे कानसेचे काम आहे, पण ते साधते कानाने. त्याला वर्षानुवर्षांची तालीम लागते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे रक्षण होईल; कसबाचे रक्षण मात्र वाद्य विकत घेणारा, ते वाजविणारा आणि वेळच्या वेळी जवारीसाठी कारागिराकडे नेणारा गायकच करू शकेल.

वाचकाला शक्य असेल, तर त्याने एक प्रयोग करून पाहावा. उत्तम लागलेल्या तंबोऱ्याची केवळ खर्जाची तार मध्यावर हळुवार छेडावी आणि नाद विरेपर्यंत ऐकावे. नंतर घोडीवरचा दोरा काढून तीच तार पुन्हा छेडावी. रामन यांनी प्रयोगशाळेत जे सिद्ध केले आणि मिरजेचा कारागीर कानसेच्या टोकावर जे जाणतो, ते त्या दोन नादांतील अंतर आहे.