ड्रिफ्ट शिकण्यासाठीं खेळांतील पहिली मोटार कोणती निवडावी?



उन्हाळ्याची सुटी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यांत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी खिन्न मुद्रेनें मजकडे आला. घरच्या संगणकावरील मोटार-शर्यतीच्या खेळांत, मोटार वळणावर तिरपी सरकवीत नेण्याची जी विद्या ड्रिफ्ट या नांवानें ओळखली जाते, ती साध्य करण्यासाठीं त्यानें सबंध सुटी खर्च केली होती. परंतु मोटार प्रत्येक वळणावर भोंवऱ्यासारखी गरकन् फिरून उलट तोंडानें उभी राही. "सर, माझ्या हातांत तें कौशल्यच नाहीं," असें तो म्हणाला. मीं त्यास इतकेंच विचारलें, "मोटार कोणती घेतली होतीस?" तो म्हणाला, "खेळांतली सर्वांत ताकदवान. हजार अश्वशक्तीची!" दोष त्याच्या हातांत नसून निवडींत होता, हें त्याच क्षणीं उघड झालें. असा अनुभव इतरांसही येत असेल, म्हणून या निवडीमागील विज्ञान येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम ड्रिफ्ट म्हणजे काय तें पाहूं. वेगानें वळतांना मागचीं चाकें जमिनीवरील पकड सोडून बाहेरच्या बाजूस सरकूं लागतात व मोटारीचें तोंड आंतल्या बाजूस वळतें. अशा वेळीं चालक स्टिअरिंग उलट दिशेस, म्हणजे मागचा भाग ज्या बाजूस सरकत असेल त्याच बाजूस, फिरवितो आणि ॲक्सिलरेटर कमीजास्त दाबून ती तिरपी स्थिति वळण संपेपर्यंत राखून धरतो. ही कला जपानांत १९७० नंतरच्या दशकांत नांवारूपास आली. शर्यतपटु कुनिमित्सु ताकाहाशी यांच्या चालविण्याची धाटणी पाहून केइची त्सुचिया यांनीं ती आत्मसात केली व पुढें जगभर लोकप्रिय केली. आज ग्रॅन टुरिस्मो, असेट्टो कोर्सा इत्यादि खेळांमुळें ती घरबसल्या शिकतां येते.

आतां निवडीच्या कसोट्या पाहूं.

पहिली कसोटी ही कीं, यंत्राचा जोर मागच्या चाकांस मिळाला पाहिजे. घरांतील वडीलधाऱ्यांस प्रीमियर पद्मिनी ठाऊक असेल. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती तयार होत असे आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईंत २०२३ पर्यंत धांवली. तिचें यंत्र पुढें होतें, पण जोर मागच्या चाकांस मिळे. उलट १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० मध्यें तो पुढच्या चाकांस मिळे. या भेदाचें महत्त्व एका दृष्टान्तानें कळेल. टायरची पकड म्हणजे सोळा आण्यांचा एक रुपया समजा. वळण्यांत कांहीं आणे खर्चावे लागतात व वेग वाढविण्यांत कांहीं. खर्च रुपयापलीकडे गेला कीं टायर सरकतो. मारुतींत दोन्ही खर्च पुढच्याच चाकांच्या माथीं पडत. तीं सरकलीं कीं स्टिअरिंग फिरवूनही मोटार सरळच जाऊं पाहते. पद्मिनीच्या रचनेंत पुढचीं चाकें वळविण्याचें व मागचीं ढकलण्याचें काम करतात. म्हणून मागच्या चाकांचा रुपया संपला तरी पुढच्या चाकांकडे मोटार सांवरण्यापुरते आणे शिल्लक राहतात. ड्रिफ्टचें सारें मर्म या शिलकेंत आहे.

दुसरी कसोटी शक्तीची. पद्मिनीची रचना योग्य खरी. मग तीच कां नको? कारण तिचें १०८९ घन सेंटिमीटरचें यंत्र सुमारें ४० अश्वशक्तीचें होतें. कोरड्या रस्त्यावर सुरू झालेली सरक चालू ठेवण्यास एवढा जोर अपुरा पडतो. उलट हजार अश्वशक्तीच्या मोटारींत बोट किंचित् अधिक दाबलें गेलें तरी मागचीं चाकें एकदम फिरतात, आणि चूक काय झाली हें डोळ्यांस दिसण्यापूर्वींच मोटार उलटें तोंड करून उभी राहते. जी चूक दिसत नाहीं ती सुधारतां येत नाहीं. एक ते सव्वा टन वजनाच्या मोटारीस सुमारें १३० ते २०० अश्वशक्ति नवशिक्यास योग्य होय. त्यांतही टर्बो नसलेलें यंत्र बरें. कारण टर्बोचा जोर पुष्कळदां मागाहून व एकदम येतो, त्यामुळें बोटाचा व चाकांचा मेळ बसविणें कठीण जातें.

तिसरी कसोटी पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराची. हें अंतर जितकें अधिक, तितकी मोटार सावकाश फिरते व सांवरण्यास अवधि मिळतो.

या कसोट्यांवर कांहीं प्रसिद्ध मोटारी पारखूं. माझ्दा एम-एक्स ५ ही १९८९ सालीं आलेली मोटार हलकी व सौम्य आहे. पण तिच्या चाकांमधील अंतर अवघें २२६५ मिलिमीटर, म्हणून ती चटकन् गिरकी घेते. १९८३ ते १९८७ या काळांत निघालेली टोयोटा ए-ई ८६ जपानी चित्रकथांमुळें मुलांची आवडती झाली आहे. तिची शक्ति सुमारें १३० व अंतर २४०० मिलिमीटर. ती उत्तम शिक्षिका खरी, पण जोर बेताचा असल्यामुळें वळणांत शिरतांनाच वेग नेमका राखावा लागतो. म्हणून तिला दुसरा पाठ समजावें. १९८८ सालची निस्सान सिल्विया एस-१३ हिचें अंतर २४७५ मिलिमीटर आहे; तीही चांगली, मात्र टर्बो नसलेला प्रकार पाहून घ्यावी. २०१२ सालची टोयोटा जी-टी ८६ हिची शक्ति २००, अंतर २५७० मिलिमीटर, टर्बो नाहीं आणि मूळचे टायर मुद्दामच बेताच्या पकडीचे. माझ्या मतें पहिला पाठ हिच्यावर घ्यावा. तुमच्या खेळांत ती नसेल तर वरील तीन कसोट्यांस उतरेल ती दुसरी कोणतीही घ्यावी.

मोटार निवडल्यावर तिच्यांत फेरफार करण्याची घाई करूं नये. चाकांची घसरण आपोआप रोखणारीं साहाय्यें मात्र बंद करावींत. नाहीं तर यंत्रच तुमची सरक मोडून टाकील. कळफलकाची कळ एक तर पूर्ण दाबली जाते किंवा मुळींच नाहीं; म्हणून ॲक्सिलरेटर थोडथोडा दाबतां येईल असें साधन असल्यास उत्तम. प्रथम मोकळ्या पटांगणांत दुसऱ्या गियरमध्यें एकच वर्तुळ काढावें. मागचा भाग फार बाहेर जाऊं लागला तर जोर हळूहळू कमी करावा, एकदम सोडूं नये. मोटार सरळ होऊं लागतांच स्टिअरिंगही परत सरळ आणावें. त्यास उशीर झाला तर ती विरुद्ध बाजूस झटका देते. वर्तुळ दोन्ही दिशांनीं साधलें म्हणजे इंग्रजी आठाचा आंकडा, आणि त्यानंतरच एखादें वळण. मोटार फिरली कीं कां फिरली हें एका ओळींत वहींत लिहावें. आपल्या भिवंडींत अनेक माग सांभाळणारा कारागीरही प्रथम एकाच मागावर हात बसवितो, हें तुम्हांस सांगावयास नको.

माझ्या विद्यार्थ्यानें हें सर्व केलें. एके रात्रीं तो सराव करीत असतां त्याचे वडील मागें येऊन उभे राहिले. ते आपल्या गांवच्या गोदामांतून माल भरून कसारा घाटानें नाशिककडे ट्रक नेतात. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, "मागचा भाग जिकडे सरकला तिकडेच स्टिअरिंग वळवलंस, हें बरोबर. पण बाळ, पावसांत घाटामध्यें माझी गाडी एकदां अशीच सरकली होती. पुढें दरी होती, आणि खेळ पुन्हां सुरू करायचं बटण तिथं नव्हतं." मुलानें तें मला सांगितलें तेव्हां त्याचा आवाज खालीं आला होता. वडील रोज रात्रीं काय सांभाळून घरीं परततात, हें त्यास त्या दिवशीं प्रथम उमगलें.

पालकहो, मुलाच्या या छंदास भिऊं नये. त्याच्याजवळ बसून तो पाहावा. मात्र घरच्या वाहनाची किल्ली त्याच्या हातीं देऊं नये. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. परवाना मिळाल्यावरही सार्वजनिक रस्ता ही ड्रिफ्टची जागा नव्हे.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं तो विद्यार्थी आपली वही घेऊन आला. पहिल्या पानांवर "कां फिरली, कळलें नाहीं" असें वारंवार लिहिलें होतें. शेवटच्या पानावर होतें, "स्टिअरिंग सरळ करण्यास उशीर झाला." मोटार त्या दिवशींही फिरलीच होती, पण आतां ती कां फिरली तें त्यास ठाऊक होतें. विद्येचा आरंभ येथूनच होतो.