कुंडलिकेचे टाइमटेबल

रायगडातल्या बऱ्याच लहान नद्या उन्हाळ्यात आटून जातात. मग कोलाडला भर मे महिन्यात राफ्टिंग कसे काय चालते? हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. पडला तो नदीच्या मधोमध खडकावर बसलेलो असताना!

त्याचे असे झाले. एका रविवारी आम्ही चौघे सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला आणि तिथून एस.टी.ने कोलाडला गेलो. राफ्टिंगला पैसे नव्हते, म्हणून कुंडलिकेत नुसते डुंबायचे ठरले. पाणी गुडघाभर, आभाळ निरभ्र. तेवढ्यात काठावर कपडे धुणाऱ्या एक मावशी ओरडल्या, “पोरांनो, बाहेर या, पानी सुटलंय!” आम्हाला वाटले, मावशी मस्करी करतायत. बघता बघता पाणी कमरेला लागले. मित्राचा हात धरून मी कसाबसा काठ गाठला. चपला मात्र रेवदंड्याच्या दिशेने गेल्या.

होस्टेलवर आल्यावर पुस्तके काढली. ‘अवजल’ या शब्दापाशीच अडलो, कारण शाळेत आमचे सगळे इंग्रजीतून! अवजल म्हणजे टर्बाइन फिरवून बाहेर पडलेले पाणी. मुळशीचे धरण मुळा नदीवर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. ते पाणी खरे तर भीमेतून बंगालच्या उपसागराला जायचे. पण ते बोगद्यातून आणि पाइपांतून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला आणतात. भिऱ्याचे वीजकेंद्र 1927 मध्ये सुरू झाले. तिथले अवजल पुढे रवाळज्याहून कुंडलिकेत येते.

आता थोडे गणित. एक घनमीटर पाणी 500 मीटर खाली आले, की 1000 × 9.81 × 500, म्हणजे सुमारे 49 लाख ज्यूल ऊर्जा मिळते. याचे होतात 1.36 युनिट. नुकसान वजा जाता एक युनिट तरी हाती लागते. त्यावर आपल्या रूमचा 75 वॅटचा पंखा 13 तास फिरेल!

म्हणजे नदीचे पाणी पावसावर नाही, तर विजेच्या मागणीवर वाढते. राफ्टवाले म्हणूनच बहुधा सकाळची वेळ साधतात. त्यांना टाइमटेबल माहीत असते, आपल्याला नसते. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला, की अंगावरचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यात ऐटीत उभा असलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात आडवा होतो, तो असा.

आणखी एक गोष्ट. या धरणात मुळशी खोऱ्यातली गावे आणि भातशेती बुडाली. त्याविरुद्ध 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. आपण ज्या लाटांवर ओरडत मजा करतो, त्या पाण्याखाली कुणाची तरी चूल आहे.

तेव्हा मंडळी, सहलीला जरूर जा. राफ्टिंग केलेत तर लाइफ जॅकेटचे बंद घट्ट आवळा. नुसते डुंबायचे असेल, तर आधी गावात विचारा, “पाणी कधी सुटते?” आणि काठावरून कुणी मावशी ओरडल्या, तर हसत बसू नका. हायड्रॉलिक्स त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.