मोटारीवरची चक्रे कोण काढतो?

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनची बस धरली की वाटेत मिठागरे लागतात, मग डोंगरी, मग उत्तन. त्याला लागूनच पाली हे कोळ्यांचे गाव आहे. पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. समुद्राचा वारा अंगावर खारट थर चढवतो आणि त्याच वाऱ्याबरोबर बारीक वाळूही येते. अशा गावातल्या रस्त्याकडेला उन्हात उभी असलेली एखादी काळी मोटार जवळ जाऊन पाहा. तिच्या पुढच्या झाकणात, म्हणजे बॉनेटमध्ये, सूर्याचे प्रतिबिंब दिसेल. त्या प्रतिबिंबाभोवती केसाएवढ्या बारीक, चमकत्या रेघांची वर्तुळेच वर्तुळे दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी. (येथे कोळी म्हणजे भिंतीवरचा. पालीच्या कोळ्यांचे जाळे निराळे!)

बहुतेक जण म्हणतात, 'पुसणाऱ्याने फडके गोल गोल फिरवले, म्हणून गोल ओरखडे उठले.' हे उत्तर खरे असेल का? विद्यार्थी मित्रांनो, ते तपासायला उपकरण लागत नाही. डोके जरा डावीकडे न्या. प्रतिबिंब सरकेल आणि त्याबरोबर सगळी वर्तुळेही सरकतील! रंगावर कोरलेले वर्तुळ तुमच्या डोक्याबरोबर कसे चालेल? तेव्हा रेघा रंगावर आहेत, हे खरे, पण वर्तुळ रंगावर नाही.

हाच चमत्कार पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्याजवळ दिसतो. दिव्यासमोर झाडाच्या ओल्या, निष्पर्ण फांद्या असतील, तर त्या दिव्याभोवती गोल विणल्यासारख्या भासतात. झाडाने फांद्या काही दिव्याकडे पाहून वाढवलेल्या नसतात. ज्या काटक्या योग्य दिशेने वळलेल्या असतात तेवढ्याच चमकतात, बाकीच्या अंधारात राहतात.

आता कारण पाहू. ओरखडा म्हणजे पृष्ठभागावरचा एक सूक्ष्म चर. त्याच्या भिंती गोलसर धरल्या, तर त्याच्यावर पडलेला प्रकाश चराच्या लांबीच्या दिशेने पसरत नाही. तो चराला काटकोनात, पंख्यासारखा पसरतो. तुमचा डोळा त्या पंख्यात सापडला तरच तो चर चमकलेला दिसतो. प्रतिबिंबाच्या ठिपक्याला केंद्र माना. केंद्रापासून थोड्या अंतरावर कितीतरी चर सर्व दिशांनी गेलेले असतात. त्यांपैकी ज्यांचा पंखा केंद्राच्या दिशेने उघडतो, म्हणजे जे चर केंद्राशी जोडणाऱ्या रेषेला काटकोनात आहेत, तेवढ्यांचाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. त्रिज्येला काटकोनात असणारी रेघ म्हणजे वर्तुळाची स्पर्शिका, हे तुम्ही भूमितीत शिकलाच आहात. चहूबाजूंनी अशा तुटक स्पर्शिका चमकल्या की डोळा त्यांचे वर्तुळ जुळवतो.

घरी याची परीक्षा घ्यायची असेल तर एक जुने, सपाट स्टीलचे ताट घ्या. (डब्याचे झाकण घेऊ नका, त्यावर बहुधा कारखान्यातच गोल रेघा उठलेल्या असतात आणि प्रयोग फसतो.) ताटाचा अर्धा भाग घासणीने फक्त उभा उभा घासा, उरलेला अर्धा वाटेल तसा, सर्व दिशांनी. अंधाऱ्या खोलीत एकच बॅटरी पेटवून तिचे प्रतिबिंब आळीपाळीने दोन्ही भागांत पाहा. सर्व दिशांनी घासलेल्या भागात वर्तुळे दिसतील. उभ्या घासलेल्या भागात मात्र प्रकाशाची एक लांब तिरीप दिसेल आणि ती रेघांना आडवी असेल! असे का, याची आकृती काढून पाहा.

मग हे चर पाडतो कोण? फडके नव्हे. कापसाचा धागा रंगाहून मऊच असतो. दोष फडक्याखाली सापडलेल्या कणांचा. खनिजांच्या काठिण्यासाठी मोह्झची १ ते १० अशी श्रेणी वापरतात. तीत संगजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० अंक आहे. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा अंक ७ येतो, फेल्डस्पारचा ६, शिंपल्यांच्या चुऱ्याचा ३ ते ४. समुद्राचे मीठ अवघे अडीचच्या आसपास. मोटारीचा रंग हा एक प्रकारचा प्लास्टिकसारखा पदार्थ आहे. त्याचे काठिण्य रंगतज्ज्ञ चक्क पेन्सिलींनी मोजतात. मऊ ६बीपासून कठीण ६एचपर्यंतच्या पेन्सिली क्रमाने ओढून कोणती पेन्सिल रंगावर चरा पाडते ते पाहतात. पेन्सिलीने ज्यावर रेघ उठते, त्यावर वाळूचा कण काय करील, हे सांगायला नको. पालीसारख्या ठिकाणी खारट थर हवेतले बाष्प शोषून चिकट होतो आणि वाळू धरून ठेवतो. अशी मोटार सकाळी कोरड्या फडक्याने 'स्वच्छ' केली, की पुसणाऱ्याच्या हाताखाली पॉलिश पेपरच फिरत असतो.

ओरखडे काळ्या मोटारीवर फार दिसतात, पांढरीवर कमी. वरचा थर दोन्हींचा सारखाच. समोरून आलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग तो परावर्तित करतो. पण पांढऱ्या रंगातून विखुरलेला प्रकाश इतका भरपूर असतो की चरांची चमक त्यात बुडून जाते. काळ्यात ती लपायला जागा नाही.

निम्म्या कागदाची संपत्ती

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. वहीची १०० पाने दाबून पट्टीने मोजा. ती ८ ते १० मिलिमीटर भरतील, म्हणजे एक पान ८० ते १०० मायक्रॉनचे. तेव्हा मोटारीची सारी झळाळी निम्म्या कागदाएवढ्या थरावर उभी आहे. जुन्या बहुतेक मोटारींना हा थर नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. तशा जुन्या गाड्यांना पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरलेला दिसे. आता तसा दिसत नाही, कारण झिजणारा थर पारदर्शक असतो. झीज तेव्हाही होती, आताही आहे.

ही झीज म्हणजेच पॉलिश. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या पॉलिशचा विचार केला आहे. बारीक पूड घासून काचेवरचे ओरखडे नाहीसे होत नाहीत, ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होतात, असे त्याचे मत होते. पुढे लॉर्ड रॅले याने १९०१ च्या सुमारास पॉलिश होत असलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्याला दिसले ते असे : आधी उंचवट्यांचे माथे सपाट होऊन चकाकतात, मधले खड्डे तसेच राहतात. माथे खाली खाली येतात, चकाकणारे तुकडे पसरतात आणि शेवटी ते खड्ड्यांच्या तळाशी टेकतात. तेव्हाच खड्डा संपतो.

मोटारीच्या बाबतीत ध्यानात ठेवायचे ते एवढेच. ओरखडा उचलून काढता येत नाही. त्याच्या भोवतालचा सगळा रंग त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. ओरखडा दोन मायक्रॉन खोल असेल, तर बॉनेटवरून दोन मायक्रॉन जाडीचा थर द्यावा लागेल. गॅरेजमध्ये यासाठी आधी जाडसर कंपाउंड आणि नंतर बारीक पॉलिश वापरतात. त्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. (याचेच खनिज रूप म्हणजे कुरुंद, मोह्झचा अंक ९.) प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचे ओरखडे घालवते आणि स्वतःचे, अधिक बारीक, मागे ठेवते. प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. उरलेले चर तिच्यापेक्षा पुष्कळ उथळ झाले की डोळ्याला पृष्ठभाग आरशासारखा वाटतो. घाईने मधली पायरी गाळली, किंवा फिरत्या यंत्राच्या बफमध्ये धूळ अडकली, तर पॉलिश करूनही नवी चक्रे हजर!

मेण काय करते?

पॉलिश आणि मेण यांत लोक फार गल्लत करतात. मेण काही घासून काढत नाही. एक जुनी, ओरखडलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या आणि तिच्या अर्ध्या भागावर खोबरेल तेलाचे बोट फिरवा. ओरखडे जवळजवळ दिसेनासे होतील. तेलाचा आणि प्लास्टिकचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा असल्यामुळे चर तेलाने भरला, की प्रकाशाला तो चर असल्याचे कळतच नाही. साबणाने धुवा, ओरखडे परत येतील. आता उरलेल्या अर्ध्या भागावर दंतमंजनाची पेस्ट घेऊन ओल्या कापडाने दहा मिनिटे घासा आणि धुवा. बारीक ओरखडे गेलेले असतील आणि ते परत येणार नाहीत. पहिले झाले मेण, दुसरे पॉलिश. (दुसरा प्रयोग कोणाच्याही मोटारीवर करू नये, विशेषतः वडिलांच्या.)

मोटारीच्या मेणात ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण वापरतात. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते, तर मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच. एप्रिलच्या उन्हात काळा पत्रा किती तापतो ते हात लावून पाहिले असेल, तर ही निवड का केली ते पटेल. मेणावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. खारे पाणीही त्यावर चिकटून राहत नाही. किनाऱ्यावर हा लाभ लहान नाही. मात्र काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो थर झिजतो.

पालीत राहणाऱ्याने वर्षातून दोनदा यंत्राने पॉलिश करून घेतले आणि दर वेळी तीन मायक्रॉन गेले असे धरा. पाच वर्षांत ३० मायक्रॉन जातील. उरलेल्या पातळ थरातून ऊन रंगापर्यंत पोचते, थर फिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो, आणि एखाद्या टवक्यातून पत्रा उघडा पडला की मिठाला हवे ते मिळते : लोखंड, ओलावा आणि हवा. त्यापेक्षा पुसण्यापूर्वी गोड्या पाण्याची धार वरून खाली सोडून वाळू वाहून जाऊ देणे स्वस्त पडते. त्यानंतर साबणाचे पाणी, आणि फडके बुडवायला दुसरी स्वच्छ बादली. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने काढण्याच्या नादी लागू नये. तो बहुधा थराच्या फार आत गेलेला असतो.

गॅरेजमधून चकचकीत होऊन आलेल्या मोटारीला पॉलिश केले की नुसते मेण भरले, हे ओळखायचे असेल तर दोन-चार वेळा साबणाने धुऊन झाल्यावर संध्याकाळी बॅटरीचा झोत बॉनेटवर टाका आणि प्रतिबिंबाभोवती पाहा.