बातमी फुगते कुठे?

प्रश्न : मी विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकवते. आमच्या संशोधनाच्या बातम्यांत निष्कर्ष फुगवलेले असतात. पत्रकारांशी बोलणंच टाळावं का?

उत्तर : टाळू नका. बातमी फुगली की आपण खापर पत्रकारांवर फोडतो, पण सुरुवात बरेचदा आपल्याच घरातून होते. कार्डिफ विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांची २०११ सालची ४६२ आरोग्यविषयक प्रसिद्धिपत्रकं मूळ शोधनिबंधांशी आणि बातम्यांशी ताडून पाहिली. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आलेला निष्कर्ष बोलका आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष पत्रकानेच माणसांना लावला, तिथे ८६ टक्के बातम्यांनी तोच कित्ता गिरवला. पत्रकाने संयम पाळला, तिथे हे प्रमाण १० टक्केच होतं.

यावर कुणी म्हणेल, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. खरंच आहे, पण पत्रकाचा मसुदा तपासणं आपल्या हातात आहे आणि त्यात तोटा काहीच नाही. संयमित पत्रक छापणार कोण, ही शंकाही टिकत नाही, कारण फुगवलेल्या पत्रकांना जास्त प्रसिद्धी मिळाल्याचं या अभ्यासात दिसलं नाही. म्हणून जनसंपर्क विभागाचा मसुदा ओळ न् ओळ वाचा. ‘हा प्रयोग उंदरांवर झाला’ हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. पत्रकाराचा प्रश्न तुमच्या विषयाबाहेरचा असेल, तर तसं स्पष्ट सांगून योग्य सहकाऱ्याचं नाव सुचवा. आपण गप्प बसलो, तर त्या जागी अर्धवट माहितीवर बोलणारे येतात आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात.