जुन्या संगणकाची क्रमशः सुधारणा

शाळेतील साधनसामग्री सार्वजनिक धनातून आलेली असते. ती जपणे, दुरुस्त करणे आणि तिचा शक्य तितका उपयोग करून घेणे हे शिक्षकाच्या कर्तव्याचेच एक अंग होय. बाकाची एक फळी मोडली म्हणून कोणी बाक टाकून देत नाही. फळी बदलून तो पुन्हा वर्गात ठेवला जातो. संगणकाच्या बाबतीत मात्र ही दृष्टी अद्याप पुरेशी रुजलेली नाही. यंत्र मंद झाले की ते झाकून कोपऱ्यात ठेवले जाते आणि कालांतराने त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. शाळेत दोनच यंत्रे असली, तर चांगले यंत्र कार्यालयीन माहिती भरण्यात गुंतते व मुलांच्या वाट्यास बंद यंत्र येते. ज्या बालकाच्या घरी संगणक नाही, त्याचे यात सर्वांत अधिक नुकसान होते.

विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असतो. इंटेल कंपनीचा असल्यास तो सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा असावा लागतो. २०१२ ते २०१६ या काळात घेतलेली यंत्रे या अटीत बसत नाहीत. तथापि अटीत न बसणे आणि निकामी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे.

संगणक हे स्वतंत्र भागांच्या जोडणीतून सिद्ध झालेले यंत्र आहे. भाग जोडून सामर्थ्य वाढविण्याची कल्पना पुणे शहरास नवी नाही. येथील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र कामास लावूनच. शाळेचे यंत्र त्या मानाने अगदी लहान. पण त्याचाही एकेक भाग बदलता येतो. कोणता भाग आधी बदलावा, हाच खरा प्रश्न आहे.

निदान

वर्गातील मूल मागे पडले, तर जाणता शिक्षक त्याचे नेमके कोठे अडते ते पाहतो. वाचनात अडणाऱ्या मुलास गणिताची शिकवणी देऊन लाभ होत नाही. संगणकाचेही तसेच आहे. यंत्र सुरू होण्यासच फार वेळ लागतो काय? एकच काम नीट चालते, पण दोन-तीन कामे उघडताच यंत्र अडखळते काय? तापल्यावर ते आपोआप बंद पडते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे आठवडाभर निरीक्षण करून लिहून ठेवावीत. पहिल्या दोषाचे मूळ बहुधा हार्ड डिस्कमध्ये, दुसऱ्याचे रॅममध्ये व तिसऱ्याचे धूळ, पंखा किंवा वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, असते.

प्रथम बिनखर्चाचे उपाय

वीज तोडून पेटी उघडावी व मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. पंख्याच्या पात्यांवर साचलेला थर काढला, तरी तापण्याची तक्रार पुष्कळदा दूर होते. एसएमपीएसची पेटी मात्र शिक्षकांनी उघडू नये. वीज तोडल्यानंतरही तिच्यात काही काळ घातक विद्युत्‌भार राहतो. यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारी अनावश्यक कामे बंद करावीत.

मदरबोर्डवर सीआर २०३२ जातीचा, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की यंत्राचे घड्याळ मागे पडते. तारीख चुकीची असल्यामुळे अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष इंटरनेटच्या माथी मारला जातो. किरकोळ किमतीच्या या सेलपायी चांगले यंत्र निकामी ठरू नये.

खर्चाचा क्रम

संयुक्त शाळा अनुदानातूनच वीजबिल, शैक्षणिक साहित्य व किरकोळ दुरुस्ती भागवावयाची असते. म्हणून सर्व भाग एकदम बदलण्याचा विचार न करता दरवर्षी एक भाग घ्यावा. क्रम ठरविताना दोन कसोट्या लावाव्यात: या भागाने आज किती लाभ होईल, आणि उद्या नवे यंत्र आले तर हा भाग त्यातही चालेल काय?

या दोन्ही कसोट्यांस उतरणारा भाग म्हणजे एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. ती मिनिटास ७,२०० म्हणजे सेकंदास १२० फेरे घेते. हवी ती माहिती समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा २४० वा भाग लागतो. शिवाय वाचणारी सुई जागेवर सरकण्यास वेळ लागतो तो वेगळाच. यंत्र सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही प्रतीक्षा जवळजवळ नाहीशी होते. सुमारे २५० जीबीची साटा जोडणीची एसएसडी शालेय कामास पुरेशी आहे. जुनी डिस्क सुस्थितीत असल्यास तिच्यावर चित्रफिती व पाठ साठवावेत.

दुसऱ्या वर्षी रॅम चार जीबीवरून आठ जीबी करावी. तत्पूर्वी यंत्रातील रॅमची जात पाहून घ्यावी. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तसेच यंत्रावर ३२ बिटची प्रणाली असेल, तर सुमारे चार जीबीच्या पुढील रॅम तिला बहुधा वापरता येत नाही. अशा वेळी प्रोसेसर चालणारा असल्यास ६४ बिटची प्रणाली घालावी. डीडीआर ३ रॅम नव्या यंत्रात चालणार नाही, म्हणून तिच्यावर अल्पच खर्च करावा. शाळेत किंवा केंद्रातील दुसऱ्या शाळेत बंद पडलेले तशाच जातीचे यंत्र असेल, तर मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांच्या संमतीने त्यातील रॅम काढून घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

प्रोसेसर बदलण्याच्या मोहात पडू नये. नव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड व रॅमही बदलावी लागते. म्हणजे ती सुधारणा न राहता नवी खरेदीच ठरते. मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले दिसले, तर तेथेच थांबावे व चांगले भाग दुसऱ्या यंत्रासाठी काढून ठेवावेत.

प्रणाली

विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली घालता येते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही अशीच एक प्रणाली आहे. लिनक्सवर मराठीची इन्स्क्रिप्ट कळरचनाही मिळते. पुष्कळशा लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. मूळ डिस्कला हात न लावता मुद्रक, ध्वनी व शाळेचे नित्याचे काम चालते की नाही हे आधी तपासावे आणि मगच कायमचा बदल करावा.

खरेदी व नोंद

मुळशी, भोर, पुरंदर अशा तालुक्यांतून शिक्षक खरेदीसाठी पुण्यास येतात. बुधवार पेठेतील तापकीर गल्लीच्या परिसरात विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दाट बाजारपेठ आहे. निघण्यापूर्वी यंत्राचा नमुना, रॅमची जात व जोडणीचा प्रकार कागदावर लिहून घ्यावा. शक्य तर जुना भागच बरोबर न्यावा. मेमरीचे भाव स्थिर नसतात. २०२५ च्या अखेरीस ते जगभर चढले. म्हणून तीन दुकानांत चौकशी करावी. वापरलेली रॅम चालवून पाहून घेण्यास हरकत नाही. वापरलेली डिस्क किंवा एसएमपीएस मात्र घेऊ नये. पावती व हमीपत्र जपून ठेवावे आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत नव्या व काढलेल्या भागांची नोंद त्याच दिवशी करावी.

काढलेले निरुपयोगी भाग भंगारात देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावयास हवेत. डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील विद्यार्थ्यांची माहिती पूर्णपणे पुसावी.

वर्गात उपयोग

ही सुधारणा मुलांदेखत करावी. बदलापूर्वी व बदलानंतर यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ मुलांनी घड्याळ लावून पाच वेळा मोजावा, सरासरी काढावी व फलकावर आलेख काढावा. पेटीच्या आत काय असते हे ज्याने पाहिले, तो बालक यंत्राला भिणार नाही आणि ते टाकून देण्याची घाईही करणार नाही.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील प्रत्येक संगणकाची जात, वर्ष, रॅम व डिस्क यांचा तक्ता तयार करा.
२. बंद असलेल्या यंत्रांपैकी दोहोंतून एक उभे करता येईल काय, ते तपासा.
३. तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेत असल्यास अर्ध्या फेऱ्यास किती वेळ लागेल, ते मुलांकडून काढून घ्या.
४. पुढील तीन वर्षांसाठी एका यंत्राचा सुधारणाक्रम व अंदाजे खर्च मांडून केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखवा.